उभं ऱ्हावा की!

आण्णा गेले त्याला आता वर्ष होत आलं, पण त्यांचा फोन अजून चालू आहे. त्यांच्या पत्नी पद्माअक्का रोज दुपारी तो चार्जिंगला लावतात आणि ऊन कललं की गॅलरीतल्या स्टुलावर आणून ठेवतात. आमची दारं समोरासमोर, त्यामुळे मला ते दिसतं. तो वाजावा असंही वाटतं आणि वाजू नये असंही वाटतं. वाजला तर पलीकडे कोण असेल याची अक्कांना भीती आहे, मलाही आहे, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नाही.

ज्या देशामुळे हे सगळं झालं त्याचं नाव मी लिहिणार नाही. आफ्रिकेतला एक लहान, अतिशय गरीब देश, एवढं पुरे. तिथल्या ज्या बाईची ही गोष्ट आहे तिचं नावही खरं सांगणार नाही. आपण तिला मरियम म्हणू. माझी बायको म्हणते, "कोल्हापुरात बसून लिहिलेलं मराठी तिथं कोण वाचाय बसलंय?" असेलही. पण आण्णांचं जे झालं ते बघितल्यापासून 'कोण बघतंय' हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत.

आण्णा म्हणजे भूपाल मगदूम, शिरोळकडचे, जैन शेतकरी घरातले. सगळी नोकरी मुंबईला विधिमंडळाच्या कचेरीत गेली. सभागृह कसं चालतं, प्रश्न कसा मांडायचा, समितीनं अधिकाऱ्याला बोलावून काय विचारायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आमदार बदलत, मंत्री बदलत, आण्णा तिथंच. मुंबईत उभं आयुष्य काढून त्यांच्या जिभेला मुंबईचा एक शिंतोडा लागलेला नव्हता. निवृत्त झाले आणि कळंब्याच्या बाजूला आमच्या सोसायटीत फ्लॅट घेऊन राहिले.

महाद्वार रोडला माझं चष्म्याचं दुकान आहे. आण्णा पहिल्यांदा तिथं आले तेव्हा मी त्यांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. ती त्यांनी धडाधड वाचली आणि म्हणाले, "ह्ये झालं. आता त्या रस्त्यापल्याडच्या पानपट्टीवर कोण उभा हाय, त्येचं त्वांड दिसाय पायजे."

"कशाला हो आण्णा? उधारी आहे का त्याच्याकडे?"

"न्हाय वो. शेवटच्या बाकावरचा मेंबर उभा ऱ्हायला की अध्यक्षाच्या आदी मला दिसायचा. जो उभा ऱ्हायला तो दिसलाच पायजे. सवय हाय, जात न्हाय."

ही सवय सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगला आम्हाला भोवली. आमचे चेअरमन मोठे हुशार. ठराव वाचायचा, चहाचा घोट घ्यायचा आणि 'सर्वानुमते मंजूर' म्हणून मोकळं व्हायचं. आमचीही काही तक्रार नव्हती, भजी गार व्हायच्या आत घरी जायला मिळायचं. त्या दिवशी पार्किंगचा ठराव होता. चेअरमननी घोट घेतला, आणि मागून आवाज आला, "सर्वानुमते म्हंजी कुणाकुणाच्या मते?"

"सगळ्यांच्याच की आण्णा."

"मग सगळ्यास्नी उभं ऱ्हाऊ दे की! व्हय म्हणणारं आदी उभं ऱ्हावा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. एक-दोघं अर्धवट उठले आणि बसले. मीही खुर्चीतून जरा वर झालो आणि शेजारी उठत नाही म्हटल्यावर सदरा सारखा केल्यासारखं करून खाली टेकलो. ठराव बारगळला. चेअरमन आण्णांशी पुढे महिनाभर बोलले नाहीत. तेव्हापासून सोसायटीत आण्णांचं नावच पडलं, 'उभं ऱ्हावा की'. कुणी वॉचमनची तक्रार घेऊन आलं तरी आण्णांचं तेच, जिन्यात कुजबुजू नका, चारचौघांत उभं राहून सांगा. बसून बोललेलं बोलणं त्यांच्या लेखी गप्पांत जमा होतं.

एका आंतरराष्ट्रीय संस्थेनं गरीब देशांच्या संसदांना कामकाज शिकवायला निवृत्त माणसं शोधली, त्यात आण्णांचा नंबर लागला. त्या देशात त्यांच्या तीन खेपा झाल्या. परत आले की गॅलरीत बसून आम्हाला सांगायचे. मला आधी वाटायचं, ज्या देशात प्यायला पाणी नाही त्यांना संसद कसली शिकवताय? विहीर खणून द्या की. मी एकदा तसं बोललोही.

आण्णा भडकले. "विहिरी खणायला लई लोकं येत्यात! बाहेरनं मदत येती, कर्ज येतंय, मंत्री सही करतोय. आन जिच्यासाठी आलं ती बाई झाडाखाली बाळंत हुती. मधी कुणीतरी विचाराय नको, की बाबा ह्ये गेलं कुठं? तेवढं विचारायसाठी तर ती संसद हाय. इमारत हाय, बाकं हायत, पंखं हायत. फकस्त प्रश्न न्हाय!"

प्रश्न कसा विचारायचा याची त्यांची एक पद्धत होती. भाषण ठोकायचं नाही. उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढंच देता येईल असा प्रश्न करायचा, म्हणजे मंत्र्याला पळायला वाट राहत नाही. मरियम तिथली नवी सदस्य, आधी गावोगाव बाळंतपणं करणारी नर्स. ती त्यांची सगळ्यात तयार विद्यार्थिनी. तिच्या भागात बाळंतिणींचा एक दवाखाना सरकारी भाषणांत केव्हाच बांधून झालेला होता. समितीला घेऊन ती तिथं जाऊन आली आणि सभागृहात तिनं विचारलं, त्या दवाखान्याला दार आहे का? होय की नाही?

मंत्री आरोग्याच्या धोरणावर बोलले. तिनं पुन्हा विचारलं. मंत्री देशाच्या इतिहासावर बोलले. पुढच्या अधिवेशनात तिनं पुन्हा तेच विचारलं. शेवटी सरकारला लाज वाटली की कंटाळा आला, देव जाणे, पण दार बसलं. दार बसलं म्हणून कुलूप आलं, कुलूप आलं म्हणून औषधं ठेवता आली, आणि औषधं आली म्हणून नर्स आली. त्या निळ्या दाराचा फोटो आण्णांनी आम्हाला इतक्यांदा दाखवला की ते आमच्याच सोसायटीचं असावं असं वाटायला लागलं.

आण्णा कट्टर चौविहारवाले. सूर्य मावळला की तोंडात पाण्याचा थेंब नाही. कंदमूळ तर नाहीच. तिकडे सभागृह संध्याकाळ उलटून जाईतो चालायचं आणि आण्णा उपाशी राहायचे. मरियमनं एकदा उकडलेली रताळी आणून दिली. आण्णांनी हात जोडले, जमिनीखालचं चालत नाही. "मग वरचं काय चालतं?" असं विचारून ती दुसऱ्या दिवशी केळी घेऊन आली. मग ऊन उतरलं की भर सभागृहात ती आपल्या जागेवरून मागे वळायची, खिडकीकडे बोट दाखवायची आणि आण्णांनी शिकवलेला मराठी शब्द म्हणायची, "आण्णा, सूर्य!" आण्णा मुकाट बाहेर जाऊन केळी खाऊन यायचे.

कोल्हापूरला आल्यावरही ते चुकलं नाही. रोज संध्याकाळी आण्णांच्या फोनवर एकच शब्द यायचा, इंग्रजी अक्षरांत, सूर्य. तिच्याकडे तेव्हा टळटळीत ऊन असायचं, पण कोल्हापूरचा दिवस कधी मावळतो हे तिनं ध्यानात ठेवलं होतं. अक्का ताट वाढायच्या, आण्णा फोनकडे बघायचे, शब्द आला की पहिला घास. अक्का म्हणायच्या, "मी घसा कोरडा करून जेवा म्हणती ते ऐकाय येत न्हाय. तिकडनं हाक आली की बसत्यात पाटावर."

आता मला भीती वाटते त्या गोष्टीकडे यायला हवं.

त्या सभागृहात मत देण्याची एक रीत होती. अध्यक्ष म्हणायचे, बाजूचे होय म्हणा. सगळे ओरडायचे. मग अध्यक्ष म्हणायचे, विरोधातले नाही म्हणा. त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. माना खाली, ओठ मिटलेले, आणि कुठून तरी 'हं' असा बारीक हुंकार उठायचा, आणि तो बाकाबाकांमधून पसरत जायचा. तोच त्यांचा 'नाही'. कुणी केला ते शेजारच्यालाही सांगता यायचं नाही. अध्यक्ष जरा थांबून म्हणायचे, काही ऐकू आलं नाही, ठराव मंजूर.

आण्णांनी आम्हाला तो हुंकार करून दाखवला होता आणि आम्ही पोट धरून हसलो होतो. "गोठ्यात म्हशी हुंकारत्यात तसलं! मी म्हटलं, न्हाय ह्यो शब्द हाय, त्वांड उगडून म्हणायचा असतोय. न्हाय जमत, तर उभं ऱ्हावा की!" त्यांच्याच नियमांत ते होतं. एकाही सदस्यानं मागणी केली तर आधी बाजूचे, मग विरोधातले आपापल्या जागी उभे राहणार आणि डोकी मोजली जाणार. तशी मागणी तोवर कुणी केली नव्हती. आण्णांनी त्यांना तसं उभं राहायचा सराव दिला. शाळेत देतात तसा.

तेव्हा एका म्हाताऱ्या सदस्यानं त्यांना विचारलं, "तुमच्याकडे उभं राहिल्यावर काय होतं?"

आण्णा म्हणाले, "आमच्याकडे? बसा म्हणतात!"

सगळे सदस्य हसले. हे सांगताना आण्णाही हसायचे. म्हातारा मात्र हसला नव्हता, हे त्यांनी तेव्हा आम्हाला सांगितलं नाही.

मग तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी एक ठराव आणला. बाहेरची मदत आणि कर्ज यांवर यापुढे ते एकटे सही करतील, सभागृहापुढे काही यायचं कारण नाही. म्हणजे निळी दारं बंद. त्या दिवशीचं कामकाज फोनवर दिसत होतं. आम्ही दोन-चार शेजारी दुपारी आण्णांच्या गॅलरीत जमलो. होयचा आरडाओरडा झाला. मग हुंकार सुरू झाला, आणि मी तो पहिल्यांदा खरा ऐकला. मला अजिबात हसू आलं नाही.

तेवढ्यात एक पिवळा डोईरुमाल वर झाला. मरियम उभी राहिली. तिनं मागणी केली. जरा वेळ काहीच हललं नाही. मग तिच्यामागे तो म्हातारा काठी टेकत उठला, मग एक, मग दुसरा, आणि बाकंच्या बाकं उठली. डोकी मोजली गेली आणि ठराव पडला. आण्णा स्वतः उभे होते, डोळे वाहत होते, आणि ते त्या फोनला हात जोडत होते. आम्हाला पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

पद्माअक्कांनी पेढा हातातच धरला होता. त्या अजून फोनकडे बघत होत्या. म्हणाल्या, "आवो, ठराव पडला न्हवं? मग ह्यो कॅमेरा एकेकाच्या तोंडाम्होरनं असा दमानं का फिराय लागलाय?"

आण्णांनी बघितलं. कॅमेरा उभ्या असलेल्यांच्या चेहऱ्यांवरून सावकाश सरकत होता. एकाच्या चेहऱ्यावर थांबायचा, मग पुढच्यावर. बसलेल्यांकडे तो गेलाच नाही. आण्णांनी फोन पालथा घातला.

पुढच्याच महिन्यात तिथं रस्त्यांवर लष्कर आलं आणि संसदेला टाळं लागलं. पहिला उचलला तो म्हातारा. आण्णा माझ्या दुकानात येऊन बसले. मग म्हणाले, "त्यो हसला न्हवता. मी बघितलतं त्येला. समदी हसली, त्यो न्हाय हसला."

त्यानंतर एकेकाची बातमी येऊ लागली. कुणी घरातून गेला, कुणी प्रार्थनेहून परतताना. संध्याकाळचा शब्द मात्र येत होता. सूर्य. ती कुठं आहे, कुणाकडे लपली आहे, काही नाही. तेवढा शब्द यायचा, म्हणजे आज जिवंत आहे. आता आण्णा भुकेसाठी वाट बघत नव्हते. ताट वाढलेलं, फोन ताटाशेजारी, आणि सूर्य समोरच्या गच्चीआड उतरत चाललेला. मी आमच्या दारातून ते बघायचो. फोनचा टिंग आवाज झाला की आम्ही तिघंही श्वास सोडायचो.

एके दिवशी तो आला नाही. सूर्य गेला. अक्कांनी ताट उचललं. दुसऱ्या दिवशीही ताट तसंच उचललं. मग एक दिवसाआड, मग फळावर, असं करत आण्णा निम्मे झाले. अक्का आधी चिडल्या, "ती काय तुमच्या पोटची ल्येक हाय व्हय?" मग एका संध्याकाळी बघतो तर त्यांनीही स्वतःचं ताट वाढून घेतलेलं नव्हतं.

मी समजूत घालायला गेलो. म्हणालो, "तुम्ही नसता तर ते दार बसलं नसतं, आण्णा."

"दाराचं सांगत गावभर हिंडलो मी," आण्णा म्हणाले. "आपल्याकडं उभं ऱ्हायलं की माईक मिळतोय. मला वाटलं, सगळीकडं माईकच मिळत असणार. त्यास्नी त्यांचं ठावं हुतं वो. म्हणून तर त्वांड मिटून न्हाय म्हणत हुती. मी त्यास्नी म्हशी म्हटलं."

फोन लावायची त्यांची हिंमत होत नव्हती. आपला नंबर तिच्या फोनवर वाजला आणि फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात असला तर? ही भीती खरी ठरली. काही दिवसांनी तिच्या नंबरवरून निरोप आला. आण्णा तो घेऊन तडक माझ्या दुकानात आले आणि मी वाचला. नमस्कार मिस्टर मगदूम, आपण कसे आहात, हल्ली कुठे राहता, आपला पत्ता कळवा.

मरियमनं त्यांना 'आण्णा'खेरीज कधी काही म्हटलं नव्हतं. माझ्या दुकानात भरदिवसा, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, मला इतकी भीती वाटली की मी शटर निम्मं खाली ओढलं. हजारो कोस दूरचा माणूस महाद्वार रोडवर येणार नव्हता, हे मला कळत होतं. तरी ओढलं. आण्णांनी उत्तर दिलं नाही. घरी जाऊन त्यांनी दारावरची नावाची पाटी काढून आत ठेवली.

त्याच सुमाराला सोसायटीची मीटिंग झाली. चेअरमननी ठराव वाचला, घोट घेतला आणि मागे वळून चेष्टेनं म्हणाले, "काय आण्णा, आज उभं करत न्हाय व्हय आमास्नी?"

आण्णा मान खाली घालून बसले होते. "बसूनच ऱ्हावा," ते म्हणाले. "बसल्यालं बरं असतंय."

चेअरमनना काय झालंय ते कळलं नाही, पण त्यांनी चहा खाली ठेवला. 'सर्वानुमते' म्हणायला त्यांना त्या दिवशी जमलं नाही. आण्णांचा तसा आवाज आम्ही कुणी ऐकलेला नव्हता, आणि मला तो पुन्हा ऐकायचा नव्हता.

शेवटची संध्याकाळ मला लख्ख आठवते. अक्कांनी हाक मारली म्हणून मी त्यांच्याकडे गेलो होतो. ताट वाढलेलं होतं, कण्या आणि आमटी. ऊन कळंब्याकडच्या झाडांवर टेकलेलं. फोन वाजला. नंबर अनोळखी, बाहेरदेशीचा. आण्णा नुसते बघत राहिले. अक्का म्हणाल्या, "उचला की!" आण्णांना कमी ऐकू यायचं म्हणून मी स्पीकर लावला.

पलीकडे कुणी बोललं नाही. श्वास ऐकू येत होता. लांब कुठंतरी मोटारीचं इंजिन चालू होतं.

"मरियम?" आण्णा म्हणाले.

काही नाही. ती असेल, किंवा पत्ता विचारणारा तो असेल. मी फोन बंद करायला हात पुढे केला. आण्णांनी माझं मनगट धरलं. मग ते आपल्या खडबडीत इंग्रजीत हळूच म्हणाले, "बोलता येतंय का? होय की नाही?"

पलीकडून हुंकार आला. हं. मिटल्या ओठांचा, बारीक.

अक्कांनी तोंडावर पदर धरला.

"एकटी आहेस का?"

हं.

"सुखरूप आहेस का?"

हं. या वेळी तो मधेच तुटला. मागे एक पुरुषी आवाज काहीतरी म्हणाला, आणि पावलं वाजली. वेळ थोडा होता हे आम्हा तिघांनाही कळत होतं. आण्णा खुर्चीचा हात धरून उठले. ते सरळ उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "त्या दिवशी उभी राहिलीस. चूक झाली का?"

मोटारीचं इंजिन, पावलं, आणि मग हुंकार. हा लांबला. पावलं जवळ आली तरी थांबला नाही. आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाली ती?" अक्कांनी विचारलं.

"न्हाय म्हणाली," आण्णा म्हणाले. "सगळ्याला न्हाय म्हणाली."

नंतर थोड्याच दिवसांत मी भावाकडे गेलो असताना आण्णा झोपेतच गेले. मी परत आलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे ते आहेत ते त्या संध्याकाळचेच. अक्का ताट हातात घेऊन विनवत होत्या, "सूर्य निम्मा गेला वो, दोन घास खावा की." मी दारापाशी येऊन मागे वळून बघितलं. आण्णा बसले नव्हते. गॅलरीत ताठ उभे होते, बंद झालेला फोन तोंडाजवळ धरलेला, ओठ मिटलेले, आणि त्या हुंकाराला ते हुंकार देत होते.